करवतीची सात पाती

३१ ऑगस्ट, रविवार

फिफ्टी-एट पीस बिगिनर्स किट आज तिसऱ्यांदा कार्टमधून काढून टाकला. चार हजार रिव्ह्यू आहेत आणि निम्म्यांत लिहिलंय, "माझ्या मुलाला खूप आवडला." मॉडेल बोट बनवणाऱ्या सगळ्यांना मुलगेच कसे? मला डाउट आहे की हे सगळं एकाच माणसाने बसून लिहिलंय.

शिवाय अठ्ठावन्न टूल्स लागतात कशाला? मला एक नाव बनवायचीय. जानेवारीत मैत्रिणीबरोबर, निधीबरोबर, यमुनेवर सीगल बघायला गेले होते, तिथली ती साधी नाव. तळ सपाट, दोन्ही टोकं वर उचललेली. नाववाल्या भैयाने मापं घेऊ दिली. तेव्हापासून डोक्यात आहे. दीड फुटाची करायची, खऱ्या फळ्या लावून, खऱ्या रिब्ज आत.

संध्याकाळी आई-बाबा मला करोल बागेतल्या गणपतीला घेऊन गेले. तिथे एक काका चांदीच्या मुकुटाचं निघालेलं पान परत बसवत होते. हातात पेन्सिलीएवढं काहीतरी. ते दोन बोटांत फिरवत होते आणि चांदीत भोक पडत होतं. मी तिथेच बसले.

"काका, हे काय आहे?"

"हातड्रिल. कशाला पायजे?"

सांगितलं. ते खूप हसले. "नाव? नोएडात? कुठल्या नाल्यात सोडनार गं?"

त्यांचं नाव विश्वास काका. त्यांचं गलाईचं काम आहे, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. आई म्हणाली विट्याकडचे खूप लोक हे काम करतात, अख्ख्या इंडियात. पुढच्या रविवारी ये म्हणाले, हत्यारं मी घेऊन देतो.

फुकट कोण कुणाला मदत करतं? बघू.

येताना मेट्रोत बाबाला प्लॅन दाखवला. "कर ना," म्हणाला. "माझ्या हातांना पण अशा कामांची खूप खाज होती." मग फोनमध्ये डोकं. आजकाल तो फोनमध्ये सारखं काहीतरी शोधत असतो आणि मी बघितलं की स्क्रीन उलटी करतो. आईला अजून काही बोलले नाही.

७ सप्टेंबर, रविवार

करोल बाग. सोनारांच्या टूल्सची एक अख्खी गल्ली आहे, मला माहीतच नव्हतं. मी जे उचलेन ते काका माझ्या हातातून घेऊन परत ठेवायचे. छोटा रंधा: "आत्ता नगं." सहा साइजचे क्लॅम्प: "कपड्यांचं चिमटं न्हाईत व्हय घरात?" इलेक्ट्रिक ड्रिल: नुसती मान हलवली.

शेवटी चार गोष्टी घेतल्या. ब्लेड बदलता येणारा चाकू. सोनारी करवत, म्हणजे यू शेपची फ्रेम आणि त्यात केसासारखं बारीक पातं. एक चपटी कानस (फाइलला कानस म्हणतात हे आज कळलं). आणि हातड्रिल. करवतीची पाती एक डझन.

"बस, एवढंच?"

"हत्यार वळखीचं व्हावं लागतं पोरी. ढीगभर घेतलं की एकाशी बी वळख व्हत न्हाई."

दुकानदार त्यांच्याकडे बघून हसला. कमिशन असेल असं मला वाटलं होतं. पण कमिशन असतं तर जास्त घ्यायला लावलं असतं ना? मग ह्यांचा फायदा काय? विचार करून डोकं दुखलं.

१० सप्टेंबर, बुधवार

तीन दिवसांत तीन पाती मोडली. जरा जोर दिला की टिंग. रिब्ज कशाबशा कापल्या, आज पहिल्या दोन फळ्या लावल्या. दोन्ही वाकड्या. एक तर मध्ये फुगलीय, पापडासारखी.

बाबा सातला आला आणि बूट न काढता आधी नाव बघायला आला. "तू करवत ढकलतेस ना? पातं उलटं लागलंय. दात खाली पाहिजेत."

"तुला काय माहीत?"

"यूट्यूब," म्हणाला आणि आत गेला.

११ सप्टेंबर, गुरुवार

मिरॅकल! कॉलेजमधून आले तर फुगलेली फळी सपाट. ग्लू वाळताना लाकूड स्वतःच बसतं बहुतेक. कोणीच हे व्हिडिओत सांगत नाही. आता मी घाई करणार नाही, सगळं रात्रभर सोडायचं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काहीतरी गडबड आहे.

एक. सिंकमध्ये चहाचे दोन कप. आई पावणेसातला शाळेत जाते, साडेतीनला येते. मी आठला निघते, पाचला येते. बाबा साडेआठला निघतो तो थेट सातला येतो. मध्ये अकरा ते साडेबारा राधा कामाला येते, तिच्याकडे चावी आहे. ती एकटी दोन कप चहा पिते?

दोन. पेपरमधला सुडोकू कोणीतरी सोडवलाय. पेनने. राधाला इंग्लिश आकडे येतात, पण सुडोकू?

तीन. पाती. मी तीन मोडली, नऊ उरायला हवीत. पाकिटात दोन आहेत. सात गायब!

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे राधा कुणाला तरी घरात आणते, तो माणूस चहा पितो, सुडोकू सोडवतो आणि जाताना तुझी करवतीची पाती घेऊन जातो? चांगला शिकलेला चोर आहे." आणि हसली. पण मग हसायची थांबली. सहा वर्षं चावी दिलीय तिला, म्हणाली.

गेट ॲपवर राधाची एंट्री बघितली. आत ११:०४, बाहेर १२:३८. बरोबर आहे. एकदम बरोबर. इतकं बरोबर की मला तेच खटकतंय.

१३ सप्टेंबर, शनिवार

चाकू गेला. डब्यात नाही, टेबलखाली नाही, कुठेच नाही.

नावेच्या डाव्या बाजूला तिसरी फळी मात्र मस्त बसलीय, मी लावल्याच्या दुप्पट छान. निदान नाव तरी माझ्या बाजूने आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

राधाला काढलं.

आम्ही तिघं पोह्यांना बसलो होतो. आई साधंच विचारणार होती, पण मी पाती, कप, चाकू सगळं एकदम बोलून टाकलं. हिंदीत बोलताना मी जास्त रूड होते, हे मला माहीत आहे.

"दीदी, मैं ब्लेड का क्या करूँगी?"

"वो आप बताओ."

"घर में कौन आता है?" आईने विचारलं. "सच बोलो राधा."

राधा गप्प. हे गप्प राहणंच मला सगळ्यात जास्त गिल्टी वाटलं. माणूस खरा असेल तर पटकन "कोई नहीं" म्हणेल ना? ती म्हणालीच नाही. तिने बाबाकडे बघितलं. "साहब?"

बाबा सॉफ्ट आहे, तिला वाटलं असेल तो वाचवेल. बाबा पाणी घ्यायला उठला. फिल्टरपाशी खूप वेळ उभा राहिला. परत येऊन पोहे संपवले.

आईने चावी मागून घेतली. मग सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, राधाच्या फोटोसकट: प्लीज बी अलर्ट. मी म्हटलं नव्हतं फोटो टाकायला. पण थांबवलंही नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सिक्युरिटीने राधाची एंट्री ब्लॉक केली. म्हणजे टॉवरमधली तिची बाकीची तीन घरंही गेली. नवव्या मजल्यावरच्या कुसुमावती आंटी लिफ्टमध्ये म्हणाल्या, "अच्छा किया बेटा, इन लोगों का कुछ पता नहीं." मला थँक यू म्हणावं लागलं. विचित्र वाटलं.

बाबाला चाकू सापडला. सोफ्याच्या फटीत होता म्हणे.

मी तिथे दोनदा हात घालून बघितलं होतं. म्हणजे राधाने रविवारी घाबरून टाकला असणार. पण रविवारी ती सोफ्यापर्यंत आलीच नव्हती. मग? शनिवारी? शनिवारी तिला कुठे माहीत होतं की आम्हाला कळणार आहे?

आईला विचारलं, ग्रुपवर लिहायचं का की चाकू मिळाला. "आणि पाती?" आई म्हणाली. "आणि ते कप? आता मागे घेतलं तर लोक काय म्हणतील?" बाबा म्हणाला, "बघू." आणि झोपायला गेला. साडेआठला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

राधा नाही. चावी नाही. तरी चौथी फळी सरळ झालीय.

ग्लू. ग्लूच असणार.

२१ सप्टेंबर, रविवार

नाव बॉक्समध्ये घालून काकांकडे घेऊन गेले. सांगायचं होतं की बघा, चार टूल्समध्ये केवढं झालं. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर, आत भट्टीमुळे नुसती आग. काकांनी नाव उजेडात धरली, फळ्यांवरून अंगठा फिरवला.

"ही दोन हातांची नाव हाय."

"म्हणजे?"

"ह्या फळीची कड बघ. घाईत घासलीया, खालीवर. ही तू. आनि ही. एका दमात, एका बाजूनं. ह्याला येळ हाय. लई येळ हाय ह्या मानसाकडं."

मी म्हटलं ग्लू वाळल्यावर तसं होतं. काका माझ्याकडे असे बघत राहिले की मला लाज वाटली. मग चोरीचं सगळं सांगितलं, राधाचंही.

"पाती न्हेली? सात?" ते हसले नाहीत. "पोरी, नवा मानूस करवत धरतो तवा पाती मोडत्यात. तुझी मोडली तशी. सोनाराच्या घरात चोर शिरला तर सोनं न्हेईल का पाती न्हेईल? आनि चोर तुझी फळी कशाला सरळ करंल?"

"मग कोण?"

"मला काय ठाव? तुझं घर हाय."

मेट्रोत बसून काकांचाच राग आला. त्यांना माझी नाव चांगली झालेली बघवत नाही, असंही मनात आलं. मग राजीव चौकपर्यंत दुसरंच मनात यायला लागलं, की राधाने खरंच काही नेलं नसेल तर?

नाही. मग ते "साहब?" का म्हणाली ती? निर्दोष माणूस आईकडे बघेल. बाबाकडे का?

२४ सप्टेंबर, बुधवार

ट्रॅप. आज कॉलेजला गेलेच नाही. कोणाला सांगितलंही नाही. आठला निघाल्यासारखं केलं आणि वरच्या जिन्यात बसले, बाबा लिफ्टने खाली गेल्यावर परत येऊन दार आतून लॉक करून खोलीत बसले, फोन सायलेंट.

सव्वानऊला कोणीतरी दाराला चावी लावली. आतून कडी होती म्हणून उघडलं नाही. मी अक्षरशः थिजले. पावलं दूर गेली. लिफ्ट. पीपहोलपर्यंत पोचेपर्यंत कॉरिडॉर रिकामा.

दोन मिनिटांनी बाबाचा फोन. "कॉलेजला पोचलीस?"

"नाही, घरी आहे. बाबा, कोणीतरी आत्ता दार उघडत होतं! चावीने!"

तिकडे ट्रॅफिकचा आवाज. मग म्हणाला, "वरच्या मजल्यावरचं कोणी चुकून आलं असेल. घाबरू नकोस. दिवसभर घरीच आहेस?"

"हो."

"अच्छा," म्हणाला. "बरं."

त्यानंतर दिवसभर कोणी आलं नाही. नाव जशीच्या तशी. एकला बाबाचा परत फोन: अजून घरीच का? तीनला परत. एवढी काळजी त्याने कधी केली नव्हती.

संध्याकाळी आला तेव्हा मान लालभडक, शर्टवर मिठाचे पांढरे डाग. दिल्लीचा सप्टेंबर आहे मान्य, पण एसी ऑफिसात बसून माणूस असा भाजतो?

मी विचारलं नाही. इतके दिवस सगळ्यांना सगळं विचारत सुटले होते आणि आज विचारलं नाही. का, ते लिहायचं नाहीये.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आमच्याकडे आज सगळी हत्यारं पुजतात. ज्याचं पोट ज्यावर, ते पाटावर. आणि आज त्यांना कामाला लावायचं नाही, सुट्टी. आईने झेंडू आणला होता. तिचा फळ्यावरचा मोठा कंपास, शिवणाची कात्री, किचनमधली सुरी. माझी चार हत्यारं मी पहिल्यांदाच ठेवली.

"विनय, लॅपटॉप आण," आई म्हणाली.

"ऑफिसात राहिला."

"उद्या दसऱ्याची सुट्टी असताना? दरवर्षी तर तूच म्हणतोस, ह्याला फूल वाहिल्याशिवाय अप्रेझल होत नाही."

"राहिला गं. चल, तू सुरू कर."

आईने हळद-कुंकू लावायला घेतलं. मी हातड्रिल उभं टेकवून ठेवत होते.

"आडवं ठेव ते," बाबा म्हणाला. "जबडा ढिला झालाय त्याचा, बिट निसटून पडतो."

मी हातड्रिल आत्तापर्यंत दोनदा वापरलंय. माझ्या हातात बिट कधी निसटला नव्हता. मी उचलून हलवलं. बिट खाली पडला.

"तुला कसं माहीत?"

आईचं कुंकवाचं बोट तसंच राहिलं.  बाबा हळूच जमिनीवर बसला, पाटासमोर, मांडी घालून, जसा काही तोच पुजायला ठेवलाय.

अठरा ऑगस्टला त्याला काढलं. त्याची अख्खी टीम. लॅपटॉप त्याच दिवशी परत घेतला. रोज साडेआठला तो खाली उतरायचा, मी आठला गेलेली असायचे, पार्कात अर्धा तास बसून परत वर यायचा. आई यायच्या आधी, तीनला, परत बाहेर. सातपर्यंत मॉल.

"घर इतकं शांत असायचं," तो म्हणाला. "अप्लाय करून करून किती करणार? पहिल्या दिवशी नाव नुसती बघितली. एक फळी फुगली होती. म्हटलं, एवढी नीट करू. मग पाती मोडली. म्हटलं, आणून ठेवू. चाकू खिशात राहिला, पार्कात गेल्यावर कळलं."

"आणि राधा?"

"ती चहा द्यायची मला. तिला म्हटलं होतं, घरी कुणाला सांगू नकोस."

 मला वाटलं आई आता रडेल, किंवा विचारेल माझ्यापासून का लपवलंस.

"नोकरीचं मला सांगितलं नाहीस, ते मी नंतर बघते," ती म्हणाली. "पण ती तिथे उभी होती, विनय. आणि तू पोहे खात होतास."

आणि माझ्या मनात सगळ्यात पहिलं काय आलं ते लिहायलाच हवं. राधा नाही. बाबाची नोकरी नाही. हे आलं, की म्हणजे त्या चांगल्या फळ्या माझ्या नाहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळपासून बाबा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाइप करतोय आणि पुसतोय. दोनशे चौदा फ्लॅट्स आहेत त्यात.

मी म्हटलं, "नुसतं लिही ना, मिसअंडरस्टँडिंग झालं होतं, वस्तू मिळाल्या. डिटेल्स कशाला?"

"मिसअंडरस्टँडिंग म्हटलं तर लोक म्हणतील, पुरावा नाही मिळाला म्हणून सोडलं. ते तिच्यावरच राहील." परत पुसलं. "आपण काढायचंय ना ते, मग नीट काढू."

शेवटी त्याने लिहिलं की माझी नोकरी गेलीय, मी सहा आठवडे दिवसा घरी असायचो, वस्तू मी वापरल्या, राधाने काहीही नेलेलं नाही, तिला हे माहीत होतं आणि माझ्या सांगण्यावरून ती गप्प राहिली. खाली नाव, फ्लॅट नंबर. मग अंगठ्याने सेंड दाबलं. हाच अंगठा फळीची कड एका दमात घासतो.

आईचा जुना मेसेज आता डिलीट होत नव्हता, म्हणून तिने बाबाच्या मेसेजखाली लिहिलं, चूक माझी पण आहे. मी काही लिहिलं नाही. मी त्या ग्रुपवर नाही. हे कारण किती सोयीचं आहे ते मला कळतंय.

हात जोडलेले खूप इमोजी आले. "सर, सीव्ही भेजिए" असे दोन. पाचव्या मजल्यावरच्या कुणीतरी विचारलं, मग मेंटेनन्स वेळेवर येईल ना? बाबाने फोन उलटा ठेवला. दुपारी सिक्युरिटीने कळवलं, एंट्री सुरू केली.

मग बाबा एकटा राधाच्या घरी जाऊन आला. तास लागला. काय बोलला ते सांगितलं नाही. "येईल ती?" आईने विचारलं. "टॉवरमध्ये येईल," एवढंच म्हणाला.

४ ऑक्टोबर, शनिवार

कॉलेजला सुट्टी होती. दूध आणायला खाली गेले, परत येताना लिफ्टमध्ये राधा. आम्ही दोघीच. तिने सात दाबला. मी अकरा दाबला.

मी सॉरी म्हटलं. पाठ करून ठेवलेलं सगळं म्हटलं, चाकूचं, पात्यांचं, मी कशी बोलले त्याचं. तिने ऐकून घेतलं. "ठीक है दीदी."

"मम्मी बोल रही थीं, सोमवार से आओगे? चावी भी..."

"नहीं. सातवें पे करूँगी, नौवें पे भी बुलाया है. आपके यहाँ नहीं."

"पापा से नाराज़ हो?"

"साहब से क्यों? साहब तो डरे हुए थे. डर में आदमी चुप हो जाता है, मैंने देखा है." ती आकड्यांकडे बघत होती. तीन. चार. मग माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"आपको किस बात का डर था, दीदी?"

मी खूप शोधलं. नोकरी, पैसा, लोक, काहीतरी सापडेल म्हणून. पाच. सहा. तोंडातून शेवटी "किसी बात का नहीं" एवढंच निघालं, आणि तोवर दार उघडून ती गेली होती.